अर्ध्या कसबाचे भाऊ

कवळी नीट बसली की माणूस डॉक्टरचे आभार मानतो, आणि टोचली की ती बनवणाऱ्याला शिव्या देतो. बनवणाऱ्याला त्याने कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे शिव्या मोकळ्या मनाने देता येतात. आमच्या चर्चच्या मंडळीत असे दोन बनवणारे आहेत, सख्खे भाऊ. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात. धाकटा आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे, पण धाकटेपणातून कुणी निवृत्त होत नाही.

त्यांची कामाची खोली एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला आहे. नऊ फूट बाय अकरा. दार आत उघडतं, आणि ते पुरतं उघडायचं तर थोरल्याला स्टूल पुढे ओढावं लागतं. खिडकी आहे. ती उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, म्हणून ती उघडत नाहीत. दोन टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावलेली, त्यामुळे भाऊ दिवसभर पाठीला पाठ लावून बसतात. मधून एकाला जायचं असेल तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. बाकी सगळीकडे छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलने नंबर.

खोली वडिलांची. वडील कवळ्यांचे उस्ताद होते आणि स्वतःच्या मुलांना चांगलं ओळखून होते. थोरल्याला त्यांनी तोंडाच्या मापात प्लास्टर ओतणं, मेणाच्या जागी कवळीचा गर भरून डबी आवळणं आणि ती पाण्यात शिजवून घट्ट करणं शिकवलं. धाकट्याला मेणात दात लावणं, हिरड्या कोरणं आणि शेवटी घासून चकाकी आणणं. एकाचं काम दुसऱ्याला त्यांनी शिकवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दोघांना सगळं आलं की दोन दुकानं होतील." मृत्युपत्र त्यांनी केलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

म्हणजे कुठलंही काम आलं की ते आधी थोरल्याच्या टेबलावर, मग धाकट्याच्या, मग खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे, परत धाकट्याकडे, परत थोरल्याकडे, आणि शेवटी पुन्हा धाकट्याकडे. एका कवळीत भाऊ सहा-सात वेळा एकमेकांच्या हाताखालून जातात. दोघांनी एकेकदा सुटायचा प्रयत्न केला होता. धाकट्याने एका सुट्टीच्या दिवशी गुपचूप एक कवळी शिजवून पाहिली. ती पावासारखी फुगली आणि तिला भोकं पडली. थोरल्याने दात लावून पाहिले, आणि एका निवृत्त शिक्षिकेला दोन्ही सुळे एकाच बाजूचे बसवले. बाई बिचारी तशीच शाळेच्या समारंभाला जाऊन आली. त्यानंतर दोघांनी तो विषय सोडला.

हे दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगितलं की लोकांना हसू येतं, म्हणून भाऊ ते सांगत नसत. वडील शेवटच्या आजारात महिनाभर पडून होते. त्यांच्या तोंडात त्यांनीच कधीकाळी बनवलेली कवळी होती, झिजलेली, पुढचा एक दात तिरका. धाकट्याच्या मनात आलं की म्हातारा बरा होऊन उठेल तेव्हा त्याला नवी कवळी द्यावी. फळीवरून वडिलांचा साचा काढला, जुन्या फोटोत बघून दात लावले, आणि चिठ्ठीवर भलत्याच पेशंटचा नंबर टाकून काम थोरल्याच्या टेबलावर सरकवलं. थोरल्याला कळलं तर तो मोडता घालणार, हे त्याला ठाऊक होतं. थोरल्याने कवळी शिजवून परत दिली. वडील उठले नाहीत. दफनाच्या दिवशी त्यांना तयार करताना धाकट्याने कुणाला न विचारता जुनी कवळी काढली आणि नवी घातली.

शवपेटीपाशी थोरला आला, वाकला. आत वडील एखाद्या विमा एजंटासारखे प्रसन्न दिसत होते, दात सरळ आणि पांढरेशुभ्र. थोरला म्हणाला, "हा आपला बाप नाही." झाकण बसलं. जुनी कवळी थोरल्याने रुमालात गुंडाळून घरी नेली, आणि त्या दिवसापासून धाकट्याशी अवाक्षर बोलला नाही. कामापुरतं चिठ्ठीवर लिहायचा. "मेण जाड." "पाणी उकळलं, थांबू नको." "वरचा जबडा उद्या."

आता धाकटा भाविक माणूस. शास्त्रात सांगितलं आहे की भावाशी बिनसलं असेल तर देवापुढे येण्याआधी ते मिटवून यावं. त्याने ते मनाला लावून घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तेव्हा भाकर आणि प्याला घ्यायला सगळी मंडळी ओळीने पुढे जाते. धाकटा जागेवर बसून राहायचा. बाकाच्या टोकाला बसण्याची त्याची जुनी सवय, म्हणून आम्ही सगळे त्याचे गुडघे ओलांडून देवाकडे जात असू. थोरला मात्र पलीकडच्या रांगेतून दर वेळी उठायचा, जायचा, येऊन बसायचा.

त्या वेळच्या म्हाताऱ्या पाळकांनी धाकट्याला सांगितलं, "मोठं काही करायला जाऊ नकोस. रोज एकच गोष्ट कर, पण चुकवू नकोस." त्याने दोन गोष्टी ठरवल्या. सकाळी खोलीत शिरताना "दादा, आलो" म्हणायचं, उत्तर येवो न येवो. आणि मेण मऊ होईपर्यंत दोन मिनिटं भावासाठी प्रार्थना करायची.

पहिल्या वर्षीच्या प्रार्थना काही सांगण्यासारख्या नव्हत्या. त्यानेच मला एकदा कबूल केलं की देवाने दादाच्या अंगठ्याला एखादं गळू द्यावं, फार मोठं नको, डबी आवळताना दुखेल एवढंच, असं त्याने बरेच महिने मागितलं. दुसऱ्या वर्षी गळू सोडलं. तिसऱ्या वर्षी थोरल्याला सद्बुद्धी मागितली. चौथ्या वर्षापर्यंत त्याने भावाला पुरती क्षमा केली होती, आणि ती रोज सकाळी ताजी करून तो आत यायचा.

पाचव्या वर्षी म्हातारे पाळक गेले, नवे आले. त्यांना चांगल्या उदाहरणांची टंचाई होती. एका रविवारी उपदेशात त्यांनी नाव न घेता सांगितलं की आपल्यातला एक बंधू उत्तर न देणाऱ्या भावाला पाच वर्षं रोज हाक मारतो, याला म्हणतात धीर. सगळ्यांनी वळून धाकट्याकडे पाहिलं. मग, जरा संकोचाने, थोरल्याकडे. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, बाहेर पडताना धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही संत झालात. आम्हाला आता भाजी कोण देतंय ते बघते बाजारात."

त्याच्या पुढच्या वर्षी कधीतरी मेण मऊ होत असताना धाकट्याच्या लक्षात आलं की आपण ती शिकवण उलटी धरली आहे. आपल्या मनात भावाबद्दल काही असेल तर, असं तिथे नाहीच. भावाच्या मनात आपल्याबद्दल काही असेल तर, असं आहे. पाच वर्षं तो ज्याला क्षमा करत होता त्याची त्यानेच माफी मागायला हवी होती. बापाचं तोंड दोघांचं होतं, आणि ते त्याने एकट्याने बदललं होतं. वर थोरल्याच्याच हातून कवळी शिजवून घेतली होती. मेण त्या दिवशी वितळून टेबलावरून खाली गेलं.

इतकं कळल्यावर माणसाने लगेच वळून बोलावं. वळायला जागा नव्हती हे खरं, पण ती अडचण नव्हती. अडचण ही की तो आता उदाहरण झाला होता. उदाहरणाने उठून सांगायचं कसं की गुन्हेगार मीच? पाळकांचं काय, मंडळीचं काय? रोज सकाळी जिना चढताना तो वाक्य जुळवायचा. पहिल्या मजल्यावर वाक्य पूर्ण असायचं, दुसऱ्यावर लहान व्हायचं, दारात "दादा, आलो" एवढंच उरायचं. मग पाठीला पाठ, आणि सहा वाजेपर्यंत भावाच्या श्वासाचा आवाज. असं आणखी पाच वर्षं. आधीची पाच वर्षं त्याला न बोलणाऱ्या भावाने कोंडलं होतं. ही पाच त्याची त्यानेच कोंडून घेतली, आणि किल्ली खिशात आहे हे माहीत असलेला कैदी जास्त थकतो. तरी त्याने हाक चुकवली नाही, प्रार्थनाही. प्रार्थना आता एका ओळीची झाली होती: माझं तोंड उघड.

उघडलं ते थोरल्याचं.

गेल्या वर्षी एक काम आलं. थोरल्याने साचा ओतून, वाळवून, पाठीमागून धाकट्याच्या टेबलावर ठेवला. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर. पूर्ण कवळी, वर-खाली. धाकट्याने वरचा साचा उचलून अंगठा फिरवला. टाळूच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा, वाटाण्याएवढा, डावीकडे किंचित कललेला. असा उंचवटा पुष्कळांना असतो, पण हा कलणारा त्याच्या ओळखीचा होता. त्याची जीभ आपोआप स्वतःच्या टाळूला लागली. तिथेही तो होता, तसाच, डावीकडे. वडिलांना होता. आणि आता हा.

थोरल्याचे दात गेले होते. कधी गेले, हे धाकट्याला माहीत नव्हतं. पाठीला पाठ लावून बसलेल्या माणसाचे दात दिसत नाहीत, आणि न बोलणाऱ्याचे तर नाहीतच.

त्याने काही विचारलं नाही. नेहमीसारखे दात लावले आणि मेणातली कवळी खाली डॉक्टरीणबाईंकडे पाठवली. त्यांनी ती पेशंटच्या तोंडात घालून पाहिली आणि परत पाठवली: "बोलताना शिट्टी. पुढचे दात जरा आत." त्याने आत घेतले. परत: "अजून शिट्टी." बाहेर काढले. परत. चौथ्या खेपेला डॉक्टरीणबाई स्वतः जिना चढून आल्या. थोरल्याने स्टूल पुढे ओढलं, तेव्हा त्या जेमतेम दारात मावल्या.

"हे चिठ्ठीवर लिहून होणारं काम नाही," त्या म्हणाल्या. "लावणाऱ्याने कानाने ऐकलं पाहिजे. मला वाटलं होतं, दोन खेपांत होईल आणि तुमचं गुपित राहील."

"कुणाचं गुपित?" धाकट्याने भिंतीकडे बघत विचारलं.

"पेशंट तुमच्या पाठीशी बसलाय," बाई म्हणाल्या. "मला खाली तिघे थांबलेत. तुमचं तुम्ही बघा." आणि दार ओढून गेल्या.

आवाज तपासायची पद्धत अशी: मेणातली कवळी तोंडात घालायची आणि पेशंटला साठ ते सत्तर आकडे मोजायला लावायचे. त्या अकरा आकड्यांत इतके स, ष येतात की दात केसभर जरी चुकला तरी शिट्टी वाजते. हे काम मुकाट्याने होत नाही.

धाकटा वळला. थोरलाही वळला. गुडघ्यांना गुडघे लागले. अकरा वर्षांत दोघे पहिल्यांदा समोरासमोर बसले होते. थोरल्याचे गाल आत गेले होते आणि तो हुबेहूब शेवटच्या महिन्यातल्या वडिलांसारखा दिसत होता.

"आ कर," धाकटा म्हणाला. थोरल्याने तोंड उघडलं. धाकट्याने कवळी बसवली, ओठ सारखा केला. "मोज."

थोरला भिंतीवरच्या जबड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "साठ." आवाज जाडाभरडा झाला होता. "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट." शिट्टी वाजली. धाकट्याने कवळी काढली, दिव्यावर सुरी तापवली, एक दात हलवला, परत घातली. पुन्हा साठपासून. या खेपेला सहासष्टला वाजली. पुन्हा काढली, पुन्हा घातली.

सातव्या का आठव्या खेपेला, थोरला चौसष्टवर असताना, धाकटा म्हणाला, "दादा, चूक माझी होती. बाबांच्या वेळची."

थोरला थांबला. तोंडात मेण, त्याला धड बोलता येईना. धाकट्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तोच प्रकार केला आहे, समोरच्याचं तोंड भरलेलं असताना. त्याने कवळी काढून पाण्यात ठेवली, हात पुसले आणि पुन्हा म्हणाला, "चूक माझी होती. तुला विचारायला हवं होतं. चिठ्ठीवर खोटा नंबर टाकला मी, आणि तुझ्याचकडून ती शिजवून घेतली."

थोरल्याने ओठ पुसले. "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डबी भरताना बोट टाळूवर गेलं तेव्हाच कळलं. बाबांचा साचा मला कळणार नाही होय?"

"मग तू शिजवलीस कशाला?"

"म्हटलं, म्हाताऱ्याला खूश करायचं असेल तुला. करू दे. मला आज ना उद्या सांगशीलच." थोरला घोटभर पाणी प्यायला. "मग तू ती पेटीत घातलीस. म्हटलं, आता तरी सांगेल. मी वाट बघत बसलो. मग एक दिवस तू दारातून आलास आणि 'दादा, आलो' म्हणालास. चेहरा असा, की मला क्षमा केलीयस."

धाकट्याने सुरी पुन्हा दिव्यावर धरली.

"रोज," थोरला म्हणाला. "अकरा वर्षं एक माणूस रोज सकाळी साडेनऊला मला क्षमा करतो. त्याला मी काय उत्तर देणार होतो, तूच सांग. वर पाळकांनी उपदेशात घेतलं."

"तू एक शब्द बोलला असतास तर—"

"तूही."

एवढ्यावर खरं तर दोघांनी गळ्यात पडायला हवं होतं. तेवढी जागा नव्हती, आणि धाकट्याला तसं काही वाटलंही नाही. त्याला राग आला. ज्या माणसाला सगळं माहीत होतं त्याने अकरा वर्षं पाठ करून बसावं, आणि आपण इथे एका ओळीसाठी देवाच्या पाया पडावं? तो राग, त्याने मला सांगितलं, पहिल्या वर्षीच्या गळवाच्या रागापेक्षा ताजा होता. पण दात हलवायचे बाकी होते. "आ कर," तो म्हणाला. थोरल्याने केला. दुपारपर्यंत साठ ते सत्तर शिट्टीशिवाय पार पडलं.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. वहिनीने आधीच चार जणींना सांगून ठेवलं होतं की भाऊ बोलले. सगळे धाकट्याकडे बघत राहिले. तो उठला नाही. आम्ही पुन्हा त्याला ओलांडून गेलो. आत्ताच्या पाळकांनी, हे तिसरे, नंतर त्याला बाजूला घेतलं. "आता काय अडलं? त्याने तुम्हाला माफ केलं ना?"

"केलं."

"मग?"

"आता मला त्याचा राग आलाय."

पाळक तरुण आहेत. त्यांनी थोडा विचार केला. "किती दिवस चालेल असं वाटतं?"

"मागच्या वेळेला अकरा वर्षं लागली," धाकटा म्हणाला. "या वेळेला सवय आहे. लवकर होईल."

सोमवारी खोलीत गेल्यावर त्याने प्रथमच ते तोंडाने सांगितलं. "दादा, मला तुझा राग आलाय." थोरला प्लास्टर कालवत होता. तो हात न थांबवता म्हणाला, "येऊ दे. मेण आणलंस का?" मेण मऊ होईपर्यंतची दोन मिनिटं धाकट्याने राग तसाच्या तसा देवापुढे मांडला, काही न सजवता. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडला. काही दिवस तो वाढलासुद्धा. विशेष काही कळलं नाही, प्रकाश वगैरे पडला नाही. खिडकीबाहेर भिंतच होती. पण तिसऱ्या आठवड्यात एकदा दुपारी त्याच्या लक्षात आलं की सकाळी मांडायला फारसं काही सापडलं नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो उठला. त्याच्या शेजारच्यांनी ओलांडण्यासाठी पाय उचलले होते, ते तसेच खाली ठेवावे लागले. पुढे गेल्यावर मात्र त्याचा गोंधळ झाला. अकरा वर्षांपूर्वी एकच प्याला सगळ्यांना फिरत असे. आता तबकात छोट्या छोट्या पेल्या असतात आणि आपली आपण घ्यायची असते. प्याला ओठांशी कुणीतरी आणील म्हणून हा हात बांधून उभा. तबक समोर थांबलं, पाळक थांबले, मागची रांग थांबली. थोरला पलीकडच्या रांगेतून आला होता आणि त्याच्याच बाजूला उभा होता. त्याने मान न वळवता हळू आवाजात सांगितलं, "अरे, हात पुढे कर."

त्यांची खोली आहे तेवढीच आहे. थोरल्याला धाकट्याशिवाय काम करता येत नाही आणि धाकट्याला थोरल्याशिवाय, आणि आता या वयात एकमेकांचं कसब शिकायची दोघांचीही तयारी नाही. फरक पडला तो एवढाच. परवा उपासनेनंतर पाळकांनी धाकट्याला व्हरांड्यात गाठून विचारलं, "मग, दादा बोलतात ना आता?"

"बोलतो."

"देवाची कृपा."

"साडेनऊला सुरू करतो," धाकटा म्हणाला. "सहापर्यंत. अकरा वर्षांचं साठलेलं आहे. प्लास्टर कुणी कसं भेसळीचं दिलं, वहिनीचं कसं चुकतं, तुमचा उपदेश कसा लांबतो. सगळं. मला पाठ फिरवायची सोय नाही, पाठीलाच पाठ आहे."

"धीर धरा."

"तेच करतोय."

फाटकापाशी थोरला छत्री धरून उभा होता आणि तिथूनच मोठ्याने हाका मारत होता, अरे, चल, उशीर होतोय, ऐकू येत नाही का तुला. पाळक म्हणाले, "बोलावतायत."

"ऐकू येतंय," धाकटा म्हणाला, आणि आणखी दोन मिनिटं तिथेच उभा राहिला.